चाळीस घरांचे बेट आणि एकच पोलीस : कौटुंबिक हिंसा रोखायची कशी?

प्रश्न : समुद्रवाचक

नमस्कार. पोलीस प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी एक प्रबंध लिहीत आहे. लहान बेटांवरच्या वस्त्यांमध्ये कौटुंबिक हिंसा घडू नये, किंवा एकदा घडली असेल तर पुन्हा घडू नये, म्हणून पोलिसांना काय करता येते, हा त्याचा विषय आहे. स्कॉटलंडचा उत्तरेकडील द्वीपसमूह आणि प्रशांत महासागरातील काही देश मी अभ्यासासाठी निवडले आहेत. त्यातल्या ऑर्कनीत सुमारे वीस बेटांवर मिळून जेमतेम बावीस हजार लोक राहतात आणि त्यांतल्या बहुतेक छोट्या बेटांवर कायमचा पोलीस नाही. किरिबातीची वस्ती असलेली बेटे वीसएक असली तरी ती सुमारे पस्तीस लाख चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली आहेत. तिथे २००८ मध्ये झालेल्या पाहणीत, कधी ना कधी जोडीदार असलेल्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ६८ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले होते. सॉलोमन बेटांवरच्या अशाच पाहणीत हे प्रमाण ६४ टक्के आढळले.

माझी अडचण अशी आहे की या विषयावरचे बहुतेक लेखन शहरातले पोलीस ठाणे डोळ्यांसमोर ठेवून केलेले दिसते. फोन येतो, दहा मिनिटांत गाडी पोहोचते, पुरुषाला ताब्यात घेतात, स्त्रीला निवारागृहात नेतात आणि दुसऱ्या दिवशी न्यायालय असते. बेटावर यातली एकही पायरी जागेवर नसते. पुढची फेरीबोट दोन दिवसांनी सुटणार असते, समुद्र खवळला तर तीही सुटत नाही आणि निवारागृह दुसऱ्याच बेटावर असते. अशा ठिकाणी ‘प्रतिबंध’ या शब्दाला काय अर्थ उरतो? शिवाय, तक्रार मागे घेऊ न देण्याचे धोरण लहान वस्तीत उपयोगी पडते की उलट स्त्रियांना पोलिसांपासून आणखी दूर नेते, याबद्दल मला परस्परविरोधी मते वाचायला मिळाली. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी किंवा कायदा जाणणाऱ्यांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १ : जुना जबाब

पोलीस खात्यात बत्तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. त्यातली काही वर्षे पाण्याने वेढलेल्या, अगदी लहान ठाण्यात काढली, त्यामुळे आपल्या प्रश्नातली अडचण मला चांगली ओळखीची आहे. आधी एक चूक सांगतो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या चुकीतूनच मिळाले.

एका सकाळी एक बाई घराची चावी हरवल्याची नोंद करायला ठाण्यात आल्या. मी नोंद लिहिली, त्यांना पोच दिली आणि पुढच्या कामाला लागलो. त्या मात्र हलेनात. “साहेब, वेळ लिहिलीत ना?” असे त्यांनी तीनदा विचारले. मी काहीशा त्रासिक स्वरात, लिहिली आहे, असे सांगितले. पोचपावतीची नीट चार पदरी घडी घालून त्यांनी ती ब्लाउजमध्ये ठेवली आणि त्या गेल्या. पाच महिन्यांनी त्यांना जबर मारहाण झाल्याचा गुन्हा नोंदवताना तो कागद माझ्यासमोर आला, तेव्हा उलगडा झाला की चावी हरवलेली नव्हतीच. त्या रात्री नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढले होते आणि आपण रात्रभर बाहेर होतो याची तारीखवार नोंद कुठेतरी असावी एवढेच त्यांना हवे होते. ठाण्यात येण्यासाठी त्यांना एखादे निमित्त लागणार होते, कारण त्या आत शिरताना समोरच्या ओट्यावरून चार माणसे पाहत होती.

लहान वस्तीत पहिली तक्रार क्वचितच मारहाणीची असते. ती हरवलेल्या वस्तूची, शेजाऱ्याच्या कुत्र्याची किंवा मुलाच्या शाळेच्या कागदाची असते. शहरी पोलिसापेक्षा बेटावरच्या पोलिसाची एक बाजू भक्कम असते, ती म्हणजे प्रत्येक घर त्याला माहीत असते. त्या माहितीचा उपयोग त्याने केला नाही, तर त्याच्याकडे फक्त अंतराची अडचण शिल्लक राहते. तेव्हा प्रतिबंधाची पहिली पायरी म्हणजे या बारीकसारीक नोंदी एका ठिकाणी आणून कुणीतरी त्या एकत्र वाचणे. शक्यतो हे वाचणारी व्यक्ती बेटाबाहेरची असावी. कारण रोज त्या नवऱ्याबरोबर चहा घेणाऱ्या हवालदाराला चार सुट्या नोंदींत एकच गोष्ट दिसणे अवघड असते.

दुसरी पायरी जोखीम ठरवण्याची. ब्रिटनच्या पोलिसांनी २००९ मध्ये सत्तावीस प्रश्नांची एक ठरावीक सूची वापरायला घेतली. सूचीमुळे माणूस शहाणा होत नाही हे मान्य, पण विसरायचा मात्र थांबतो. त्यातले काही प्रश्न बेटासाठी मी लाल शाईने अधोरेखित करीन. त्याने कधी गळा आवळला आहे का? बाई नुकतीच वेगळी झाली आहे, किंवा तसे बोलून दाखवते आहे का? घरात बंदूक आहे का? मेंढपाळीच्या आणि शिकारीच्या प्रदेशांत परवान्याची बंदूक ही नांगरासारखी घरातलीच वस्तू मानली जाते आणि धोका कळल्यावर ती उचलून आणणे हे एकट्या पोलिसालाही जमण्यासारखे काम आहे. अटकेसाठी मारहाणीचा पुरावा मिळेपर्यंत थांबावे लागत असेल, पण बहुतेक ठिकाणी परवान्याच्या अटी पोलिसांना त्याआधीच हालचाल करू देतात.

तिसरे म्हणजे फेरीबोटीचे वेळापत्रक. आपण ते अडचण म्हणून लिहिले आहे, मी ते साधन मानतो. शेवटची बोट गेल्यावर पुढच्या बोटीपर्यंतचे तास सर्वांत धोक्याचे असतात. ज्या घराची जोखीम वरच्या पातळीची ठरली आहे, त्या घराची भेट पोलिसाने बोट सुटण्यापूर्वी घ्यावी, नंतर नव्हे. म्हणजे निघायचेच ठरले तर बाईला निघता येते, किंवा त्याला तरी नेता येते. हे लिहिताना फार साधे वाटते, पण ठाण्याचा गस्तीचा तक्ता सहसा कर्मचाऱ्यांच्या पाळीवर बेतलेला असतो, बोटीच्या वेळेवर नसतो.

प्रतिसाद २ : दीपमाळ

मी सतरा वर्षे निवारागृहात समुपदेशक म्हणून काम केले आहे. ‘जुना जबाब’ यांनी आपली चूक मोकळेपणाने लिहिली याचे मला कौतुक वाटते, कारण पोलिसांच्या बाजूने असे सहसा ऐकायला मिळत नाही. तरीही त्यांच्या पहिल्या मुद्द्याला माझी हरकत आहे. प्रत्येक घर माहीत असणे ही त्यांना बळकट बाजू वाटते, पण माझ्याकडे आलेल्या बायकांच्या दृष्टीने नेमकी तीच भीतीची जागा असते. पोलिसाला घर माहीत असते तसा घराला पोलीसही माहीत असतो. ठाण्यात फोन उचलणारी मुलगी नवऱ्याच्या चुलतभावाची बायको असते, धक्क्यावर तिकीट देणारा त्याच्याच वर्गातला असतो आणि दवाखान्यातली परिचारिका ही बाईची स्वतःची नणंद असते. अशा ठिकाणी ‘तक्रार गोपनीय राहील’ हे वाक्य कुणी खरे मानत नाही आणि त्यात बायकांचे चुकत नाही.

म्हणून प्रतिबंधाचे काम गाडीपासून सुरू करावे असे मी म्हणते. ठाण्याची पट्टेवाली गाडी दारासमोर दहा मिनिटे उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला खबर लागते आणि रात्री तिचा हिशेब बाईकडून वसूल होतो. पोलिसाने वर्षभर सगळ्याच घरी जायची सवय ठेवली, परवान्याच्या तपासणीला, वादळाच्या सूचनेला, म्हाताऱ्यांची विचारपूस करायला, तर त्या एका घरची भेट वेगळी उठून दिसत नाही. पहिला संपर्क बेटाबाहेरच्या माणसाशी, फोनवरून, होऊ शकला पाहिजे. आणि तो फोन घरच्या बिलावर दिसता कामा नये. ब्रिटनमध्ये मोबाइलवरून आपत्कालीन क्रमांक लावून बोलता आले नाही, तर पंचावन्न दाबून आपण अडचणीत आहोत हे कळवता येते. ही सोय कल्पक आहे, पण तिथेही मोबाइलचे जाळे पोहोचलेले असावे लागते आणि बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला नेमके तेच नसते.

दवाखाना ही मला सर्वांत विश्वासाची वाट वाटते. ‘मोठ्या बेटावर तपासणीला जायचे आहे’ हे असे कारण आहे की ज्यावर कुणी प्रश्न विचारत नाही आणि नवराही सहसा अडवत नाही. पोलिसांनी आणि डॉक्टरांनी आधीच ठरवून ठेवले असेल, तर त्या तपासणीच्या दिवशी बाई कुणाच्याही नजरेत न येता समुपदेशकाशी बोलू शकते, जखमांची नोंद होऊ शकते आणि परत जायचे की नाही हे ती स्वतः ठरवू शकते. बेटावरून बाहेर पडण्याची वाट किती अरुंद असते हे शहरातल्या लोकांना पटत नाही. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटाला २०१७ च्या ऑक्टोबरपर्यंत नियमित विमानसेवाच नव्हती. जहाज पकडून केप टाउनला पोहोचायला पाच दिवस लागत. भांडणानंतर निघून जायचे, तर ते पाच दिवस त्याच जहाजावर ओळखीच्या माणसांबरोबर काढायचे. तेव्हा ‘ती सोडून का गेली नाही’ हा प्रश्न अशा ठिकाणी विचारूच नये.

आता तक्रार मागे न घेऊ देण्याच्या धोरणाबद्दल. फिजीच्या पोलिसांनी ते १९९५ मध्ये स्वीकारले. त्यामागचा हेतू योग्य होता : केस काढून घेण्यासाठी बाईवर दबाव आणण्यात काही अर्थ उरू नये, कारण ती काढून घेणे तिच्या हातातच नाही. परंतु बाईला बहुधा शिक्षा नको असते, तिला ‘आज रात्री तो घरी येऊ नये’ एवढेच हवे असते. पोलिसांना फोन केला की खटला अटळ, आणि खटला झाला की घराचे उत्पन्न थांबणार, हे कळल्यावर ती फोनच करत नाही. दहा वर्षे मारहाण सोसून पहिल्यांदा तोंड उघडलेल्या बाईकडून आपण तिचा उरलासुरला निर्णयही काढून घेतो, असे मला आजही वाटते.

प्रतिसाद ३ : कलमदान

मी वकील आहे. ‘दीपमाळ’ यांचा शेवटचा मुद्दा कायद्याने काही ठिकाणी सोडवला आहे, असे मला वाटते. खटला आणि संरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, की ‘आज रात्री तो घरी येऊ नये’ हे बाईचे मागणे थेट पूर्ण करता येते आणि त्यासाठी न्यायाधीश बेटावर असावा लागत नाही.

टोंगाचा कुटुंब संरक्षण कायदा २०१३ चा आहे. त्याखाली पोलीस अधिकारी स्वतः सुरक्षा आदेश काढू शकतो. तो जास्तीत जास्त सात दिवस चालतो आणि त्या काळात पुढचा संरक्षण आदेश मिळवण्यासाठी न्यायालयाकडे जाता येते. सॉलोमन बेटांच्या २०१४ च्या कायद्यातही पोलिसांना अशी नोटीस बजावण्याचा अधिकार आहे. वानुआतूने २००८ च्या कायद्यात आणखी पुढे जाऊन, जिथे न्यायालय हाताशी नाही तिथे तात्पुरता आदेश देण्यासाठी प्रशिक्षित ‘अधिकृत व्यक्ती’ नेमण्याची तरतूद केली. सुमारे ऐंशी बेटांच्या देशात यापेक्षा व्यवहार्य दुसरे काही सुचणे कठीण आहे. त्याच कायद्यात, लग्नाच्या वेळी वधूमूल्य दिले होते हा हिंसेच्या आरोपावर बचाव होऊ शकत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. हे लिहावे लागले यावरून न्यायालयात काय युक्तिवाद ऐकू येत असतील याची कल्पना येते.

ऑस्ट्रेलियाच्या तस्मानिया या बेटराज्याचे उदाहरण विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तिथल्या २००४ च्या कायद्याने सार्जंट किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलिसाला थेट बारा महिन्यांपर्यंतचा कौटुंबिक हिंसा आदेश काढता येतो. किंग आणि फ्लिंडर्स ही लहान बेटे त्याच राज्यात मोडतात. बारा महिने ही मुदत मला स्वतःला जास्त वाटते, कारण न्यायाधीशाने न पाहिलेला आदेश वर्षभर एखाद्याला घराबाहेर ठेवू शकतो. पण सात दिवसही बेटावर पुरत नाहीत, कारण वादळी आठवड्यात ते बोटीची वाट पाहण्यातच संपतात. फिरत्या न्यायालयाची पुढची फेरी किंवा दूरदृश्य सुनावणी ज्या दिवशी खरोखर होऊ शकते, त्या दिवसाशी मुदत बांधणे मला अधिक योग्य वाटते.

दुसरा मुद्दा गुन्ह्याच्या व्याख्येचा, आणि तो बेटासाठी फार महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडचा कौटुंबिक अत्याचार कायदा २०१८ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाला. त्यात एखाद्या फटक्याला नव्हे, तर वागण्याच्या मालिकेला गुन्हा ठरवले आहे. जोडीदाराला मित्र-नातेवाइकांपासून तोडणे, तिच्या दैनंदिन हालचालींवर ताबा ठेवणे, तिला आपल्यावर अवलंबून ठेवणे, भीती घालणे, अपमान करणे हे सारे त्यात येते आणि जास्तीत जास्त शिक्षा चौदा वर्षांपर्यंत आहे. प्रत्यक्ष इजा झाल्याचे सिद्ध करावे लागत नाही. त्या वागण्याने इजा होण्याची शक्यता आहे असे समंजस माणसाला वाटले तरी पुरते. बेटावर माणसाला तोडायला कुलूप लागत नाही. बोटीचे तिकीट, गाडीची किल्ली आणि फोन या तीन वस्तू एकाच खिशात असल्या की काम होते. जुन्या कायद्याने हे तिन्ही ‘घरातले वाद’ ठरत असत.

मात्र एक अडथळा राहतोच. स्कॉटिश फौजदारी कायद्यात एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर दोषसिद्धी होत नाही, पुष्टी करणारा दुसरा पुरावा लागतो. बंद दाराआडच्या गुन्ह्यात तो कुठून आणायचा? इथे ‘जुना जबाब’ यांच्या त्या चावीच्या नोंदीचे मोल कळते. शाळेत वारंवार उशिरा येणाऱ्या मुलाची हजेरी, तिकीट काढून रद्द केल्याची फेरीबोटीच्या कार्यालयातली नोंद, दवाखान्यातला शेरा, बहिणीला पाठवलेला संदेश, हे सारे जुळवता येते. लहान जागेत माणसांच्या खुणा जास्त उमटतात, पोलिसाने त्या गोळा करायचे ठरवले पाहिजे.

प्रतिसाद ४ : आगबोट

मी प्रशांत महासागरातील बेटांच्या समाजव्यवस्थेचा अभ्यासक आहे. वरच्या तिन्ही प्रतिसादांत पोलीस आणि न्यायालय आले, पण त्या बेटांवर प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे या दोघांपर्यंत पोहोचतच नाहीत. ती गावप्रमुखाकडे, सभेपुढे किंवा धर्मगुरूकडे मिटतात. पोलीसच पुष्कळदा ‘आधी गावात बोलून बघा’ म्हणून परत पाठवतात.

फिजीत ‘बुलुबुलु’ नावाचा क्षमायाचनेचा विधी आहे. अपराध करणाऱ्याचे कुळ व्हेल माशाचा दात, म्हणजे ‘ताबुआ’, घेऊन दुसऱ्या कुळापुढे जाते आणि तो स्वीकारला की वैर संपले असे मानतात. दोन कुळांमधील भांडण मिटवण्यासाठी हा विधी सुंदर आहे, असे मला मनापासून वाटते. पण नवऱ्याने बायकोला मारल्यावर क्षमा कोण मागतो आणि कोण देतो, हे पाहावे. दात तिच्या वडिलांच्या किंवा भावांच्या हाती जातो, ती त्या बैठकीत बोलत नाही आणि मग तोच समेट न्यायालयात दाखवून सौम्य शिक्षा मागितली जाते. ‘दीपमाळ’ यांनी टीका केलेले १९९५ चे धोरण या पार्श्वभूमीवर वाचायला हवे. ज्या बाईकडून पोलिसांनी निर्णय काढून घेतला असे आपण म्हणतो, तिच्या हाती तो मुळात नव्हताच, तो कुळाच्या हाती होता. धोरणाची खरी कमजोरी मला वेगळी दिसते, ती अशी की कागदावर ते असूनही कित्येक ठाण्यांत पोलिसांनी समेट घडवून तक्रारी बंद केल्या.

सामोआत गावसभेला १९९० च्या कायद्याने अधिकृत स्थान आहे आणि ती दंड करू शकते. दंड बहुधा डुकरे, चटया किंवा अन्नाच्या रूपात असतो आणि तो भरायचा असतो संपूर्ण कुटुंबाने. म्हणजे मार खाल्लेल्या बाईनेच दंडाची चटई विणायची, असेही होऊ शकते. सॉलोमन बेटांवर ‘वानतोक’, म्हणजे एका भाषेच्या माणसांनी एकमेकांना सांभाळणे, हे कर्तव्य पोलिसाचा गणवेश अंगावर चढवला तरी सुटत नाही.

याचा अर्थ गावप्रमुखांना बाजूला सारावे असा मी घेत नाही. पोलीस महिन्यातून एकदा येतो, प्रमुख रोज असतो. त्याचे काम कोणते आणि कोणते नाही याची रेघ मात्र पोलिसांनी त्याच्यासमोर बसून ओढली पाहिजे. त्याने बाईला आपल्या घरी आसरा द्यावा, नवऱ्याला रात्रीपुरते दुसऱ्या घरी हलवावे, रेडिओवरून ठाण्याला कळवावे आणि आदेश निघाला की तो पाळला जातो का यावर लक्ष ठेवावे. दोषी कोण हे मात्र त्याने ठरवू नये आणि समेट घडवू नये. ज्या गावात प्रमुखाने ‘पोलिसाच्या आदेशाची मर्यादा ही माझीच मर्यादा आहे’ असे सभेत एकदा सांगितले, तिथे कागदाला वजन आल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

समुद्रवाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार दिशांनी चार गोष्टी आल्या, तरी मला त्यांत एक सूत्र दिसू लागले आहे. हालचाल करण्याचा अधिकार बेटावर, घटनेच्या जवळ असावा आणि माहिती ठेवण्याचे व तिची तपासणी करण्याचे काम बेटापासून दूर असावे. मी वाचलेल्या बहुतेक योजनांत हे नेमके उलटे आहे. आदेश मिळवायला बाईला दूर जावे लागते आणि तिचे गुपित मात्र धक्क्यावरच उघडे पडते.

यावर दोन शंका आहेत. पुरुषाला घराबाहेर काढायचे ठरले, तर चाळीस घरांच्या बेटावर त्याने जायचे कुठे? आणि हिंसा करणारा जर पोलिसाचाच नातेवाईक असेल, किंवा पोलीसच असेल, तर?

जुना जबाब

पहिली शंका अगदी योग्य आहे आणि ती जुनी आहे. १९८१-८२ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांच्या प्रतिसादाचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला. त्यात संशयिताला अटक करणे, समजावून सांगणे आणि आठ तासांसाठी घराबाहेर पाठवणे अशा तीन पद्धती पडताळल्या गेल्या आणि पुढच्या सहा महिन्यांत अटकेचा परिणाम सर्वांत चांगला दिसला. त्यावरून ‘अटक कराच’ अशी लाट आली. नंतर दुसऱ्या शहरांत तोच प्रयोग झाला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. काही ठिकाणी बेरोजगार पुरुष अटकेनंतर अधिक हिंसक झालेले आढळले. माझा अनुभवही काहीसा असाच आहे. ज्याला गमावण्यासारखे काही आहे तो अटकेला भितो. मला त्या प्रयोगातली ‘आठ तास बाहेर’ ही कल्पना वाचून नेहमी हसू यायचे. बेटावर तो आठ तास घरासमोरच्या दगडावर बसून राहील.

म्हणून जागा आधी ठरवून ठेवावी लागते. पाहुण्या कर्मचाऱ्यांची खोली, मोसमाबाहेर रिकामा असलेला बंदरावरचा निवारा, प्रार्थनागृहाचा मागचा भाग, यांपैकी काहीतरी पोलिसांनी लेखी करार करून राखून ठेवावे. त्याच्या आईचे घर ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत वाईट जागा असते, कारण ते बहुधा शंभर पावलांवर असते आणि निरोप पोहोचवणारी माणसे तिथेच असतात. अटींबाबतही शहरी नमुना चालत नाही. ‘शंभर मीटरच्या आत येऊ नये’ असे लिहिले, तर एकच दुकान आणि एकच धक्का असलेल्या बेटावर तो रोज अट मोडेल, किंवा बाई घरात कोंडली जाईल. आम्ही वेळा वाटून द्यायचो. दुकान सकाळी तिचे, दुपारनंतर त्याचे, बोटीच्या वेळी धक्क्यावर तो येणार नाही. दुकानदाराला कारण न सांगता एवढेच सांगितलेले असे.

तक्रार मागे घेण्याबाबत ‘दीपमाळ’ यांचे म्हणणे मला निम्मे पटले आहे. खटला चालवायचा की नाही यात तिचे मत ऐकावे, पण ते तिने नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर सांगितलेले नसावे आणि पहिल्या आठवड्यात विचारूच नये.

दीपमाळ

पहिल्या आठवड्यात विचारू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. ‘आगबोट’ यांनी कुळाच्या दबावाबद्दल लिहिले ते वाचून माझे मतही थोडे हलले आहे. धोरण सक्तीचे असेल तर बाईला घरी सांगायला एक वाक्य तरी मिळते, ‘माझ्या हातात काही नाही, पोलीस ऐकत नाहीत.’ माझ्याकडच्या दोघी-तिघींनी ते वाक्य ढालीसारखे वापरले होते, हे मला आता आठवते. पण अशा सक्तीबरोबर तिच्या घरखर्चाची सोय जोडलेली नसेल, तर ती ढाल महिनाभरात गळून पडते.

कलमदान

दुसऱ्या शंकेबद्दल थोडक्यात लिहितो. नातेसंबंध असेल तर त्या पोलिसाने प्रकरण सोडावे एवढे पुरेसे नाही, कारण लहान ठाण्यात ‘सोडणे’ म्हणजे ते शेजारच्या टेबलावर सरकवणे. जबाब बेटाबाहेरच्या अधिकाऱ्याने, गरज पडल्यास दूरदृश्य माध्यमातून, घ्यावा. त्या फायलीत शिरण्याची मुभा स्थानिक कर्मचाऱ्यांना नसावी आणि कुणी ती उघडली तर त्याची आपोआप नोंद व्हावी. प्रशांत महासागरातल्या, ब्रिटनच्या ताब्यातील पिटकेर्न बेटाचे उदाहरण आपण अभ्यासावे. ते घरगुती मारहाणीचे नव्हे, मुलींवरील लैंगिक अत्याचारांचे आहे, परंतु रचनेचा प्रश्न तोच आहे. पन्नासच्या आतबाहेर लोकसंख्येच्या त्या बेटावर पोलिसाचे काम बेटावरच्याच कुटुंबांतला माणूस पाहत असे. बाहेरचे अधिकारी आले तेव्हा चौकशीला तोंड फुटले आणि २००४ मध्ये न्यायाधीश, वकील सारे बाहेरून नेऊन बेटावरच खटला चालवला गेला. सात पुरुषांपैकी सहा जण दोषी ठरले. त्यानंतर तिथे बाहेरचा पोलीस नेमला जाऊ लागला.

आगबोट

त्यात एक जोड देतो. बाहेरचा पोलीस वर्ष-दोन वर्षांच्या नेमणुकीवर येतो, बोली शिकेपर्यंत त्याची बदली होते आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सगळे नव्या माणसाला सांगायला तयार नसते. म्हणून बदलीवर जाणाऱ्याने येणाऱ्याला केवळ फाइल देऊन भागत नाही, दोघांनी मिळून एक फेरी सगळ्या घरांची करावी. जाणाऱ्याने नव्याची ओळख करून द्यावी, चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलाव्यात आणि ज्या घरासाठी ही फेरी काढली ते घर मध्येच कुठेतरी, सातवे किंवा आठवे असावे.

समुद्रवाचक

ही शेवटची सूचना आणि बोटीच्या वेळेवर बेतलेला गस्तीचा तक्ता, या दोन्ही मी प्रबंधात जशाच्या तशा घेत आहे. ‘जुना जबाब’ यांची हरकत नसेल, तर चावीच्या नोंदीचा प्रसंगही, ठिकाण न सांगता, पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला घ्यावा असे मनात आहे.

जुना जबाब

हरकत नाही. फक्त त्यात, वेळ लिहिली आहे हे मी त्रासिक स्वरात सांगितले, तेवढे काढू नका.